पाटीची मागची बाजू

क्रेग म्हणाला, चार टक्के.
सिंकपुढच्या खिडकीशी उभी राहून मी हिशेब केला :
चार टक्के म्हणजे छपराचे सगळे पत्रे नवे,
म्हणजे शाळेच्या बसवरचे माझे दोन हिवाळे,
काचेवरचं बर्फ नखांनी खरवडलेले.
त्याची गाडी फार स्वच्छ होती.
म्हटलं, राहू दे बाबा, माझं मी बघते.

प्लायवूड कोंबड्यांच्या खुराड्याचं.
निळा रंग न्हाणीघरातून उरलेला.
'घर विकणे आहे' लिहिता लिहिता
'आहे'ला जागाच पुरली नाही,
'हे' खाली कोपऱ्यात लोंबत राहिलं.
शेजारचा डेझमंड कुंपणावरून म्हणाला,
नोएलीन, आधी पेन्सिलने आखायचं असतं.
आत्ता सांगतोस?

पहिल्या रविवारी सातजण आले, सहा नुसते बघे.
एकीने माझा फ्रीज उघडून पाहिला.
एकजण टेप घेऊन आला,
भिंती मोजल्या, चकार शब्द न बोलता गेला.
आणि मला कळलं, घर दाखवणं मला येत नाही.
दाखवायचं सोडून मी सांगत सुटते :
दक्षिणेच्या खोलीत ऊन शिरत नाही,
मे लागला की बुरशी धरते.
हे दार रॉस गेला त्याच्याही आधीपासून अडतं
(मेला नाही, ब्रिस्बेनला गेला),
खांदा लावायचा, असा.
आणि जमिनीखाली पेंग्विन आहेत.
लहान, निळे. अंधार पडला की समुद्रावरून
रस्ता ओलांडून घरी येतात,
रात्रभर भांडतात, गाढवासारखे ओरडतात.
वास? येतो. उन्हाळ्यात जास्त.

क्रेगने लिहिलं असतं : सागरी शेजार.

किंमत मी किटलीला सांगून पाहिली.
मग आरशाला. मग परसातल्या कोबीला.
दर वेळी आवाज शेवटच्या शून्यांवर घसरायचा,
जणू चोरीचा माल विकतेय.

तिसऱ्या रविवारी सेमिसी आला, सेइनी, तीन पोरं,
आणि त्याची आई, चर्चमधून थेट,
काळ्या कपड्यांवर कमरेला टोंगाची चटई गुंडाळलेली.
त्यानं बुरशी पाहिली. दाराला खांदा लावला.
मग विचारलं, किती?

सांगितली. सगळ्या शून्यांसकट.
आणि मग कुणीच काही बोललं नाही.

तेव्हा उमगलं,
दलाल चार टक्के घेतो ते याचे.
पाटीचे नव्हेत, फोटोंचे नव्हेत,
आकडा बोलून झाल्यावर जी शांतता पडते
तिच्यात दुसऱ्याच्या वतीनं उभं राहण्याचे.
माझ्या जिभेवर आलंच होतं : पाच हजार कमी चालतील.
दहा.
दात आवळून धरले. फ्रीज घरघरला.

तेवढ्यात खालून एकजण ओरडला,
भर दुपारी, लांबलचक,
गंजल्या बिजागरीसारखा.
पोरं आईमागे लपली.
म्हातारी गुडघ्यांवर बसली, चटईसकट,
फळीवर दोनदा टकटक केलं
आणि तिच्या भाषेत काहीतरी बजावलं.
झोपा रे, असंच काही असणार.
खालचं गप्प.
बावीस वर्षांत मला हे जमलं नव्हतं.

आकडा शेवटी चार हजारांनी उतरला,
दोन कप चहा आणि माझ्या एका ठसक्यानंतर.
बाकीचं वकीलबाई करतील,
रॉसची सही टपालाने येईल, त्याला घाईच आहे.
फक्त एक गोष्ट त्या लिहीनात.
म्हणाल्या, असलं करारात बसत नाही.

म्हणून मी पाटी उपटली, उलटी केली,
आणि आधी पेन्सिलने आखून
त्याच निळ्या रंगात लिहिलं :
मागच्या पायरीखालचं भोक बुजवू नका.
सगळं मावलं.
डेझमंड कुंपणाशी आला,
वाचलं, मान हलवली,
आणि खोडरबर आणायला घरात गेला.