तिसरी सही

पेडण्याच्या उपनिबंधक कचेरीसमोर
फणसाच्या सावलीत माझं टेबल आहे.
तीन पायांवर उभं, चौथ्याखाली चिरा.

एकतीस वर्षं टाइप करतोय:
'सदर विक्रीस पत्नीची पूर्ण व राजीखुशीची संमती असून'
आता बोटं ते माझ्याशिवाय लिहितात.

आमच्याकडे लग्न दोन सह्यांचं.
पहिली केली की थांबायचं,
नावं फळ्यावर लागतात,
कुणाची हरकत असेल तर येऊ दे म्हणून.
दुसरी केली की झालं.
मग भटजी, मांडव, खतखतं.
दुसऱ्या सहीला जे आलेच नाहीत
त्यांच्या गोष्टी गावात अजून दबक्या आवाजात चालतात.

त्या दुसऱ्या सहीच्या शाईत
अर्धं घर असतं, अर्धं भाट,
कपाळावर असलं तर अर्धं कर्जसुद्धा.
पोर्तुगीज गेले, ही ओळ मागे राहिली.
बहुतेक बायांना ते कळतं
तिसऱ्या सहीच्या दिवशी,
इथं, माझ्या टेबलापाशी,
आणि तोवर पेन हातात दिलेलं असतं.

काल सगुण हरमलकर आला.
सोबत प्रेमावती, बोंडूच्या चिकानं बोटं काळवंडलेली,
बागायतीतून तशीच उठून आलेली.
रस्त्यापलीकडे दिल्लीची गाडी,
काचा वर, इंजिन चालू.
"कर गो सही," सगुण म्हणाला,
"साहेबाचं चारचं विमान आहे."

"वाच," ती म्हणाली. त्याला नव्हे, मला.

वाचलं. सर्व्हे नंबर, चौरस मीटर,
पूर्वेस ओहोळ, दक्षिणेस पायवाट,
पश्चिमेस देवस्थानची जमीन,
उत्तरेस कै. रोगू शेटकर यांचे वारस.

"आणि विहीर?"
"कुठली विहीर?"
"सासूनं नि मी खणलेली. सतरा हात.
लाल माती गेली, मग चिरा, मग पांढरी माती,
मग पाणी.
तिला नंबर नाही?"

एक-चौदाच्या उताऱ्यात विहीर नव्हती.
सगुण स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

तिनं पेनाला टोपण लावलं.
माझंच पेन, टोपण मीही कधी लावत नाही.
ओरडली नाही. खिडकीशी गेली.
"आमच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल हवी.
दुसऱ्या सहीची."
"आठ दिवस लागतील."
"लागू देत."

गाडी चारच्या कितीतरी आधी निघून गेली.
कदंबाची बस आली तेव्हा
ती पुढच्या दारानं चढली,
सगुण मागच्या.

मी मशीनवर कापड घातलं.
अर्धा भरलेला स्टॅम्पपेपर तसाच रोलरमध्ये.

सत्त्याण्णव साली आम्ही मोरजीचं भाट विकलं.
त्या कागदावर माझ्या बायकोची सही आहे,
चौथीपर्यंतच्या शाळेची, गोल, सांभाळून काढलेली.
कागद मीच टाइप केला होता.
वाचून दाखवला नव्हता.
तिनंही विचारलं नाही, असं मी इतकी वर्षं
स्वतःला सांगत आलो.

रात्री ती भात वाढत होती.
म्हटलं, "तुला एक कागद वाचून दाखवायचा राहिलाय."
तिचा डाव क्षणभर थांबला.
"सोलकढी घे आधी," ती म्हणाली.
"तो मला पाठ आहे."