पाय की वारा

स्लायगोच्या उत्तरेला, ऑगस्टमधला शनिवार.
माळावर रंगवलेल्या आडव्या दांड्या,
आणि घोडे वाहायच्या ट्रेलरमध्ये मांडलेल्या टेबलाशी
मी, अट्रॅक्टा हेनेगन, वय एकोणसत्तर,
पेन्सिल घेऊन.
पेन नको. ते गारठ्यात रुसतं.

शेजारी बसवलेल्या नव्या पोराला सांगितलं:
इथे भोपळा मिळाला तरच शाबासकी.
दांडी पडली, चार.
घोडा अडला, चार.
पुन्हा अडला, तर घंटा आणि घरची वाट.
स्वार पडला तर पुढचं विचारूच नकोस.
ठरल्या वेळेवर गेलेल्या प्रत्येक सेकंदाला एक.
बाकी काही नाही.

म्हणजे खरंच काही नाही.
मानेची कमान, शेपटीची वेणी, आरशासारखे बूट
पलीकडच्या मैदानात मोजतात.
इथे घोडा बेंगरूळ उडाला,
स्वार बटाट्याच्या पोत्यासारखा आदळला,
पण दांडी जागेवर, तर शून्य.
देखणा उडाला आणि खुराची नुसती टिचकी लागून
दांडी गेली, तर चार.
माझ्या नवऱ्याला हे मरेपर्यंत पटलं नाही.
तो गायीसुद्धा तोंड बघून घ्यायचा.
दोन भाकड निघाल्या.

सतरा नंबर. ब्रोना कॉनबॉय, चौदा वर्षांची.
करडी घोडी, नाव नेटल.
बाप पर्थला खाणीत, पैसे येतात, तो येत नाही.
घोडी काकाची. आज क्रमांक आला तर राहणार,
नाही तर सोमवारी बाजार.
हे मला कुणी सांगायला नको होतं,
पण अंडी द्यायला येते तिची आत्या, आणि बोलते.

चार अडथळे स्वच्छ.
पाचव्याला मागचा खूर लागला.
टक्.
दांडी लोखंडी वाटीत डोलली,
एकदा, दोनदा,
कडेशी येऊन थांबली.
डोललेल्या दांडीला दोष नसतो.
सहावा गेला. सातवाही.
मग समुद्राकडून वारा आला
आणि पाचवी दांडी खाली आली,
झोपलेल्याचं डोकं उशीवरून घसरावं तशी.

पंच गिलहूली नेमके तेव्हा साखर शोधत होते.
दांडी गवतात पाहिली त्यांनी, पडताना नाही.
वळले. "पाय की वारा?"

वारा म्हटलं असतं तरी कोण अडवणार होतं?
वारा होताच की. माझी टोपी उडाली होती.
नवं पोर माझ्याकडे बघत होतं.
आठवा. नववा. घोडी कान टवकारून,
पोरीची वेणी उसळतेय,
वेळ शिल्लक, चांगली शिल्लक.

मी कानानंच मोजते अलीकडे. डोळे धूसर झालेत.
आणि लाकडाचा आवाज
लाकडाचाच असतो.

"पाय," मी म्हटलं.
चार लिहिला. पेन्सिलीचं टोक मोडलं,
चाकूनं काढलं, पुन्हा गिरवला.

दुपारी ती यादीपाशी आली.
बोट खाली नेत नेत सतरावर थांबलं.
मी ट्रेलरच्या दारात, थंड चहा हातात,
काय बोलावं ते ठरवत होते.

"ऐकू आलं होतं मला," ती म्हणाली.
"उडतानाच."
आणि नेटलच्या मानेवर थाप देत
पाण्याच्या बादलीकडे गेली.

सहावी आली. बक्षिसं पाचच होती.
सोमवारचं मला माहीत नाही,
आत्या या आठवड्यात अंडी घेऊन आली नाही.

त्या दिवशी मात्र अजून नऊ घोडे होते.
कुणीतरी दांडी उचलून वाटीत ठेवली.
गिलहूलींनी घंटा वाजवली:
पंचेचाळीस सेकंद,
तेवढ्यात निघायचं.
मी नवा कागद ओढला.
अठरा नंबर.