पाच प्रती

रामबागेत, इलेक्ट्रिकच्या दुकानावरच्या खोलीत
आमच्या खो-खो संघाची बैठक.
लीगचा नियम साफ आहे: पंधरा खेळाडू, नऊ लाख,
वर एक रुपया गेला तर संघ बाद.
मी खजिनदार. कापड मार्केटात तेवीस वर्षं
दुसऱ्यांची रोकड जुळवत आलोय,
म्हणून हा कागद माझ्याकडे.

रंगनाथ बारगळ, वय पस्तीस.
करार अजून दोन हंगामांचा, वर्षाला एक लाख सत्तर.
उज्जैनवाले म्हणतात, द्या आम्हाला,
एक दहा आम्ही भरू, साठ तुम्ही सोसा.
म्हणजे तो पळणार त्यांच्याकडून
आणि साठ हजारांपुरता
आमच्याच वहीत बसून राहणार.
उरलेल्या एक दहात देवासची दोन पोरं,
पंचावन्न, पंचावन्न.
चौदाचे पंधरा होतात. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

मुंगी सरांनी घड्याळ काढलं.
तीन वर्षांपूर्वी रंगा बचावात टिकायचा
तीन मिनिटं चाळीस. यंदा सरासरी
एक दहा.
रकमेसारखाच आकडा, म्हणून मी दोनदा तपासला.
दिघे साहेब म्हणाले,
भावना बाहेर ठेवा, चपलांपाशी.

ठेवल्या.
पण मी चौथ्या चौकात बसायचो, तो पाचव्यात,
तोंडं उलट्या दिशांना.
अकरा वर्षं मी त्याचा श्वास ऐकलाय शेजारून, चेहरा नाही.
नारायणबागेच्या मैदानावर
उगवतीकडच्या खांबाला
त्याच्या डाव्या तळव्यानं एक जागा गुळगुळीत झाली आहे.
सूर मारताना सगळं अंग हवेत
आणि तेवढा तळवा लाकडाला.
ती जागा कुठल्या रकान्यात लिहू?
गुडघा लिहिला. सूज लिहिली.
पोरांना शिकवतो हे लिहिलं,
मग समोर रक्कम सुचेना, खोडलं.

मतदानाआधी सगळ्यांना प्रत हवी.
खालच्या पोराला पिटाळलं, जा रे, पाच झेरॉक्स.
थंडीचे दिवस. कोणीतरी गराडू मागवले,
वर मसाला, लिंबू. बोटं तेलकट,
म्हणून कागद लांबच धरायचा होता.

पोरगा परतला नाही.
जिन्यात पावलं वाजली, एक जड, एक हलकं,
ती चाल अख्ख्या रामबागेला ठाऊक.
सरवटे स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान कुणाचं आहे
हे पोराला माहीत होतं.
मलाही माहीत होतं.
खो द्यायचा तर मागून, जवळ जाऊन,
पाठीला हात लावून, मोठ्यानं.
नियमाच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर.

रंगानं पाच प्रती टेबलावर ठेवल्या,
कडा ठोकून सरळ केल्या.
गरम होत्या अजून.
“भिया,” मला म्हणाला, “तिसऱ्या ओळीत बेरीज चुकलीय.
आठ हजार जास्त धरलेत तुम्ही.
देवासच्या पोरांना बूट घ्या त्यात.
एकाचा पाय रुंद आहे, मी पाहिलंय त्याला खेळताना,
नेहमीचे चावतील.”

दिघे साहेब गराडूची बशी पुढे करू लागले,
मधेच थांबले.
मुंगी सर घड्याळाची किल्ली फिरवत राहिले,
ते घड्याळ सेलवरचं आहे, किल्ली नाही त्याला.
मी तिसरी ओळ तपासली.
आठ हजार. बरोबर.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

हात वर झाले. माझा झाला का,
ते इतिवृत्तात आहे, तिथं वाचा.

तो दारापर्यंत गेला, चप्पल शोधली,
आणि मागे न वळता म्हणाला,
दहा रुपये झाले.

रात्री घरी वही उघडली.
तारीख घातली.
किरकोळ खर्च, झेरॉक्स, पाच प्रती: दहा.
पावती नाही.