गेज

रुकडीच्या पुलाअलीकडं, आषाढ सरताना,
जोतिबाच्या डोंगरावर ढग फाटला
आणि उजेडाचे सात-आठ पट्टे
उसावर उतरले, पंखा उघडावा तसे.

मी म्हणाले, आबा, सूर्य त्या डोंगरामागंच हाय,
सहा कोसांवर. बघा की,
सगळी किरणं तिथनंच फुटल्यात.

पिराजी आबा, गँगमन, खांद्यावर हातोडा,
हसले नाहीत.
गेजची पट्टी रुळांवर आडवी टाकली. बसली.
वीस पावलं गेले. तिथंही बसली.
"आता मिरजेकडं बघ."
बघितलं. लांब रूळ एकमेकांत शिरलेले.
"खरंच मिळालं असतं, तर
सकाळची पॅसेंजर कुठनं गेली गं?"

मग पट्टीवरचा चिखल विजारीला पुसत,
"उनाचं बी तसंच. लई लांबनं येतंय ते,
एकमेकाला न शिवता."

आणि मला खांदे धरून वळवलं.
इचलकरंजीच्या अंगाला, जिकडं सूर्य नव्हताच,
तेच पट्टे, फिके,
डोक्यावरून गेलेले,
मागावरच्या ताण्यासारखे सरळ,
तरी क्षितिजाशी पुन्हा निमुळते.

दोन्हीकडं टोक.
रुंदी तेवढी मी उभी होते तिथं,
खडीत, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

गाडीचा दिवा दिसला, टिकलीएवढा.
आबांनी पट्टी उचलली,
मला ओढून बाजूला घेतलं.
दिवा काही बोलल्याशिवाय
मोठा होत राहिला.