सांडलेला उजेड

दिवाळ्याच्या जेटीखाली ओहोटी लागली
की तिवरांची मुळं उघडी पडतात,
आणि मुळांवर ते असतं,
काळपट लाल, ओल्या केसांच्या गुंत्यासारखं.
"काय हुडकतेस गो चिखलान?" नवशीबाय विचारते.
शेवाळ, म्हटलं.
"ती फुकट हाय," म्हणाली,
आणि बोंबलाची पाटी पुढे दिली.

खाडीत उजेड धड उतरत नाही.
तांबडा वरच्यावर विरतो, निळा गाळात अडकतो.
खाली पोचतो तो मळका हिरवा,
झाडांची पानं बहुतेक परतच करतात तो.
हे लाल शेवाळ नेमका तोच मागून घेतं.

घेतं, पण ठेवत नाही.
लाल रंग देतो निळ्याला,
निळा त्याच्याही आतल्या निळ्याला,
तो हरितद्रव्याला,
तिथे कुठे उजेडाचं अन्न व्हायला लागतं.
पापणीला अजून लवायचं सुचलेलंही नसतं.

पाटीसारखं, मी नवशीबायला सांगितलं.
होडीतून सुनेकडे, सुनेकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून टेम्पोत.
घरी येताना वाटलं, चुकलंच.
तिथे हाताला हात लागत नाही.
उलव्याकडे विमान उतरतं तेव्हा
आमच्या मांडणीवरचा एकच पेला झणझणतो,
बाकीचे गप्प.
तसं काहीतरी.
जवळ असावं लागतं, आणि सूर जुळलेला.

रात्री वाशीच्या प्रयोगशाळेत
ते वाटलं, गाळलं,
लाल रंग तेवढा वेगळा काढला नळीत
आणि निळा दिवा धरला.
पेटलाच तो.
नारिंगी, इतका
की वॉचमन भगत खुर्ची सोडून आत आले.
"मॅडम, जिवंत आहे का हे?"
नाही.
जिवंतपणी तो असा चमकत नाही.
शेजार तुटलाय त्याचा.
घेतलेला उजेड द्यायला कुणी नाही,
म्हणून सांडतोय.
भगत बराच वेळ उभे होते.
मग म्हणाले, दिवा बंद करा आता.

सकाळी नळी खिशात, बॅटरी हातात,
जेटीवर गेले दाखवायला.
नवशीबायनं पदराचा अंधार केला, आत डोकावली.
"बेस दिसतंय," म्हणाली.
"पन याच्यान पोट कोनाचा भरतंय?"

पाणी चढायला लागलं होतं.
मुळांवरचं लाल
काळंच दिसत होतं,
कामात.