सहातलं एक पाऊल

पाकिटावर मीच लिहिलं होतं: बूट.
आत पस्तीस पौंड, त्यातले पाच सुट्टे.
इप्सविचच्या नोव्हेंबरात
माझ्या डाव्या बुटाचा तळ जांभया देतो,
आधी मोजा भिजतो, मग अक्कल येते.
तरी मी बस धरली उलट्या दिशेची,
कारण न्हाव्याच्या काचेवर चिठ्ठी होती,
रेकॉर्ड प्लेयर, अमेरिकन, चालतो, हळू.
'हळू'खाली दोन रेघा.

बेरिल थर्लोबाईंच्या हाताला बटाट्यांची माती.
यंत्र जेवणाच्या टेबलावर, पुसून,
पाहुण्यांपुढे आणून बसवल्यासारखं.
शेजारी पिवळा ट्रान्सफॉर्मर,
विटेएवढा, विटेहून जड.
"तळावर होता तो, विमानं दुरुस्त करायचा.
एकोणसत्तरला परत गेला.
सामानात वजन जास्त होत होतं म्हणे.
हे राहिलं. आणि मी."
एवढं सांगून त्यांनी झाकण उघडलं.

पन्नास म्हणाल्या.
घासाघीस करायला मला इंग्रजी पुरत नाही;
मी पाकीट टेबलावर उलटं केलं.
नाणी घरंगळली. एक त्यांनी टाचेखाली अडवलं.
"हे काय लिहिलंय?"
बूट, म्हटलं.
त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, सावकाश,
आणि पाच पौंडांची चिल्लर माझ्या खिशात कोंबली.
वर एक तबकडी दिली, लेबल खरवडलेली.
"कोण गातो माहीत नाही.
पण माणूस दुःखी आहे, एवढं कळतं."

वॉर्डात मी नाड्या मोजते.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
तसाच तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला
आणि घड्याळ लावून बसले.
मिनिटाला तेहतीस फेऱ्या हव्यात, वर एक तृतीयांश.
भरल्या अठ्ठावीस, त्याही जेमतेम.
ज्वर नाही, धाप नाही,
नुसता मंद.

मिरजेत भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
पहाटे चारला फोन उचलून म्हणाला,
"तिथली वीज साठ ठोक्यांची, तुझी पन्नासची.
ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो गं, ठेका नाही बदलत.
बिचारं सहातलं एक पाऊल गाळत चाललंय
इतकी वर्षं."
मग जांभई देत,
"पुली जाड कर. टेप आहे का घरात?"

ड्रेसिंगची होती. कापडी, पांढरी.
पट्टा उतरवून पुलीवर एक वेढा, दोन वेढे,
मोज, परत मोज, अर्धा वेढा काढ.
खाली भाडेकरूने छताला काठी ठोकली.
साडेअकराला कपटा तेहतीस वेळा आला
आणि थोडा पुढे सरकून थांबला.
मग सुई ठेवली.

बाई गात होती.

दुःखीबिःखी काही नाही.
कुणाला तरी बाजारात चिडवावं तशी,
मधेच श्वास घेताना हसत,
मागे ट्रम्पेट तिच्या पदराला धरून पळत.
मी ओला मोजा हातात घेऊन
उभीच राहिले.

सकाळी ड्यूटीआधी फोन लावला
आणि रिसीव्हर स्पीकरजवळ धरला.
अख्खं गाणं संपलं, सुई आतल्या गोलात खरखरली,
तरी पलीकडून शब्द नाही.
नळ बंद केल्याचा आवाज तेवढा.
मग बेरिलबाई म्हणाल्या,
"तो पुरुष होता."
मी म्हटलं, हो.
"खूप चांगला होता गं. रात्री स्वयंपाक करताना."
मी म्हटलं, हो.
"रेडिओवरची सगळी गाणी मला कायम
घाईत वाटायची. कुणी पाठीला लागल्यागत."
थोडं थांबून, जवळजवळ कुजबुजत,
"परत हळू करता येतं का?"

बस सुटायला नऊ मिनिटं होती.
मी झाकण उघडून टेपचं टोक
नखाने उकलून पाहिलं.
निघत होतं.