डार्विनमधला विन

रात्री साडेअकराला पोर्तोहून तक्रार आली:
तुमची लायब्ररी माझ्या मॅकवर फोल्डर बनवत नाही.
फोल्डरात फोल्डर, त्यात वर्ष, त्यात आवाज,
असं हवं होतं.
मिळाली एकच फाईल, हातभर लांब नावाची,
नावात उलट्या तिरक्या रेघा,
जणू कुणी दारं बसवायच्या ऐवजी
भिंतीवर दारांची चित्रं काढून गेलं.
खाली सही: ग्रासिन्दा, ध्वनिसंग्रह विभाग.

कोड उघडला. ओळ माझीच,
नऊ वर्षांपूर्वीची:
यंत्राला नाव विचार,
नावात कुठेही 'विन' सापडलं
की ते विंडोज समज.
आणि सगळ्यात खाली:
काहीच जुळलं नाही तर लिनक्स समज.
(तेव्हा आम्हाला अनोळखी म्हणजे
आपल्यातलाच वाटायचा.)

मॅकला आतून नाव विचारलं
तर तो खरं तेच सांगतो:
डार्विन.

एकटीच हसले, खुर्ची करकरेपर्यंत.
मग सिन्योरा मारुसी आठवली.

गोरिझियात, सीमेच्या तारेपासून चारशे पावलांवर
बाबांची बेकरी.
दार किणकिणलं की त्यांचं ठरलेलं असे,
इटालियन बोलायचं की स्लोव्हेन:
बुटांवरून, टोपीवरून,
पाव कुठल्या बोटानं दाबला त्यावरून.
मारुसीबाईंचं मात्र नावच पुरे होतं.
अकरा वर्षं बोन्जोर्नो, अकरा वर्षं ग्रात्सिये.
एका जानेवारीत गरम ट्रेला तिचा अंगठा लागला
आणि तोंडातून निघालं, "योय!"
आमच्या आजीचं योय, तसंच्या तसं.

दोघंही गप्प.
पाव थंड होत राहिला.
मग कळलं, घराण्याचं नाव मारुशिच;
शेपूट सरकारी शिक्क्यानं छाटलेलं,
ती पाळण्यात असताना.
दोन स्लोव्हेन माणसं अकरा वर्षं
एकमेकांशी परक्या भाषेत अदबीनं वागली,
कागदावरच्या चार अक्षरांपायी.

त्यानंतर बाबा आधी बोलत नसत.
मान हलवायची, हात पिठात,
समोरचा तोंड उघडेपर्यंत थांबायचं.
गिऱ्हाइकं म्हणत, म्हातारा शिष्ट झालाय.

पावणेदोन वाजता ती ओळ खोडली.
आता नाव विचारत नाही.
विचारते: बाबा रे, तुझ्याकडे
वाट कुठल्या रेघेनं तोडतात?
तो दाखवतो, मी तीच काढते.
जिथे बांधलं तिथल्या सवयी
जिथे चालायचं तिथे नेऊ नयेत,
एवढं कळायला नऊ वर्षं,
बाबांपेक्षा दोन कमी.

सकाळी ग्रासिन्दाचं उत्तर:
फोल्डर उघडतात. पहिला आवाज
एका मासेवालीचा, एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा, फार सुंदर.
फक्त तिच्या नावातलं
अनुस्वारासारखं ते चिन्ह
अक्षराच्या डोक्यावरून सुटून
शेजारी पडलंय. बघाल का?

कॉफी ठेवली. बघते आहे.